जाप्ता उपलब्ध नाही

सर्व कार्यांच्या आरंभी ज्याचे स्मरण करावे त्या श्रीगजाननाला, आणि आमच्या कुलस्वामिनीला वंदन करून हा लेख लिहावयास घेतो. निमित्त दीपावलीचे. बडोद्यातील आपल्या मंडळींच्या वार्षिक अंकाचे संपादक दोनदा घरी येऊन गेले. तुरुंगातले काहीतरी गमतीदार लिहा, असा त्यांचा आग्रह होता. गमतीदार जे आहे ते थोडे आहे आणि तेही लिहितो. परंतु एक प्रसंग असा आहे की तो वगळून बाकीचे लिहिले, तर सणाच्या दिवशी वाचकांशी अप्रामाणिक वागल्याचा दोष मला लागेल.

माझे वडील संस्कृत पाठशाळेत अध्यापक होते. मीही तेथेच सात वर्षे व्याकरण शिकलो. पुढे उदरनिर्वाहासाठी औषधनिर्मितीची परीक्षा दिली आणि सरकारी सेवेत कंपाउंडर झालो. सेवेचा बहुतांश काळ बडोद्याच्या परिसरातील एका लहान कारागृहात गेला. त्याचे नाव लिहीत नाही; तेथील माणसे आजही आहेत आणि त्यांना मुलेबाळे आहेत. दांडिया बाजारातून सकाळी सायकलने निघावे, बसथांब्यावर सायकल लावावी आणि साडेआठला कारागृहाच्या दवाखान्याचे कुलूप काढावे, असा माझा नेम होता. अधिकारी मला ‘शास्त्रीजी’ म्हणत. कैदी ‘दाक्तरसाहेब’ म्हणत, आणि मी किती वेळा सांगितले की मी डॉक्टर नाही, तरी ते म्हणत राहिले. खरे डॉक्टर, शहा नावाचे, सकाळी एक तास येत. उरलेला सारा दिवस जो मनुष्य पांढऱ्या कपाटासमोर उभा असतो तोच कैद्याचा डॉक्टर.

बाहेरच्या वाचकाला या कामातील एक गोष्ट प्रथम समजली पाहिजे. तुम्हाआम्हाला पोटात दुखले तर आपण ओवा खातो, उतार पडला नाही तर रिक्षा बोलावतो, एका डॉक्टरचे औषध लागू पडले नाही तर दुसऱ्याकडे जातो. कैद्याला यातील काहीही करता येत नाही. म्हणून कायदा असे मानतो की ज्या शासनाने मनुष्याला कोंडले, त्याच्या शरीराची काळजीही त्याच शासनाने वाहावी. तो दोषी आहे की निर्दोष, हा प्रश्न औषधाच्या बाबतीत उद्भवतच नाही. हे तत्त्व मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात पाठ होते. ते कळले मात्र फार उशिरा.

गंभीर रुग्णाला आम्ही बडोद्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवीत असू. डॉक्टर चिठ्ठी लिहीत. पण चिठ्ठीने कैदी बाहेर पडत नाही. त्याच्यासोबत पोलीस लागतात, आणि या सोबतीच्या पोलिसांना आमच्या गुजराती दफ्तरात ‘जाप्ता’ म्हणतात. जाप्ता आमच्या हाती नव्हता. तो पोलीस मुख्यालयातून मागवावा लागे. दररोज सकाळी दहाला मी चकतीच्या फोनवरून मुख्यालयाला विचारावे, तेथील जमादाराने हो किंवा ना म्हणावे, आणि ना असेल तर मी चिठ्ठीवर तसे लिहून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे, अशी रीत होती. वस्तुतः हे काम कचेरीतील कारकुनाचे. ती जागा वर्षानुवर्षे रिकामी असल्याने ते माझ्याकडे आले होते.

आणि ‘ना’ फार वेळा येई. मंत्र्यांचा दौरा, निवडणूक, क्रिकेटचा सामना, परीक्षा, उत्सव. पोलीस तेवढेच आणि बंदोबस्त अनंत. शिवाय आमच्याकडे सोंगे करणारेही होते, हे मान्य केले पाहिजे. छगन नावाच्या एका खिसेकापूला दर पंधरवड्याला दाढदुखी होई. दोनदा त्याची दाढ काढण्यात आली. तिसऱ्यांदा इस्पितळातील दंतवैद्यांनी मला निरोप धाडला की दोन्ही दाढा निरोगी होत्या, या माणसाला काय हवे आहे ते विचारा. मी विचारले. छगन निर्लज्जपणे हसला. म्हणाला, "दाक्तरसाहेब, इस्पितळाची गाडी आमच्या पोळच्या गल्लीतून जाते. ओट्यावर पोरगी खेळत असते." मी म्हटले, अरे, त्यासाठी दात देतोस? तर म्हणे, "दात बत्रीस आहेत ना, पोरगी तर एकच आहे." त्याचे हे उत्तर मी पुष्कळांना विनोद म्हणून सांगितले. त्यानंतर मात्र प्रत्येक तक्रारीकडे मी थोड्या संशयाने पाहू लागलो, आणि हा संशयच मला शहाणपण वाटू लागला.

आता त्या शिक्क्याविषयी. चिठ्ठ्यांवर ‘जाप्ता उपलब्ध नाही’ हे तेच वाक्य दररोज चार-पाच वेळा लिहावे लागे. माझे अक्षर वळणदार, आणि घाईत ते बिघडले की मला दिवसभर चैन पडत नसे. म्हणून एके दिवशी दांडिया बाजारातील एका शिक्केवाल्याकडून मी स्वखुशीने लाकडी मुठीचा रबरी शिक्का करवून घेतला. गुजरातीत तेच तीन शब्द, खाली तारखेसाठी रेघ. अधीक्षकांनी तो हातात घेऊन पाहिला आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "शास्त्रीजींसारखी व्यवस्थित माणसे खात्यात दहा असती तर!" घरी येऊन मी ही प्रशंसा सौभाग्यवतींना सांगितली. तेव्हा मला असे वाटले नाही की ज्या कचेरीला नकाराचा शिक्का करावा लागतो, तिने नकार नेहमीचा म्हणून मान्य केलेला आहे.

रमणभाई दरजी आमच्याकडे भाद्रपदात आले. वय पन्नाशीचे. प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीजवळ त्यांची शिवणकामाची टपरी होती. कामगारांचे गणवेश शिवत. चोरीचे कापड विकत घेतल्याचा आरोप होता. खटला चालायचा होता, म्हणजे ते कच्च्या कामाचे कैदी होते. (पुढे त्या आरोपातून ते निर्दोष सुटले.) त्यांना मधुमेह होता. अंगणात फुटलेल्या कौलाचा तुकडा उजव्या तळव्यात घुसला, आणि मधुमेहाने पाय बधिर असल्यामुळे त्यांना तो दोन दिवस कळलाही नाही. मी रोज जखम धुऊन पट्टी बांधीत असे. ते माझ्याकडे न पाहता पट्टीकडे पाहत आणि एकदा म्हणाले की शास्त्रीजी, तुमची घडी सरळ आहे, तुम्हाला दुकानात घेतले असते.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी अंगठा काळसर दिसू लागला आणि जखमेला वास येऊ लागला. डॉक्टर शहांनी पाय पाहिला आणि चिठ्ठीवर ‘तातडीने’ हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. डॉक्टरांचे कर्तव्य तेथे पूर्ण झाले. मी लगेच मुख्यालयाला फोन लावला. जमादार गोहिल म्हणून होते, आवाजावरून ओळखत.

"शास्त्रीजी, उद्या विसर्जन छे," ते म्हणाले. "आजपासून अख्खा स्टाफ सुरसागर तलावावर. माणूस मी क्यांथी, कुठून काढू?"

मी सांगितले की रुग्ण गंभीर आहे. त्यांनी उद्या पुन्हा विचारायला सांगितले. मी चिठ्ठीवर शिक्का मारला, कोणाशी बोललो ते नाव लिहिले आणि वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, सकाळी रमणभाईंना ताप होता. अंगठ्याचा काळेपणा तळव्याकडे सरकला होता. डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते. मी पट्टी बदलली, ताप उतरण्याची गोळी दिली. दहा वाजले. आमच्या घरी दहा दिवसांचा गणपती. उत्तरपूजा माध्यान्हापूर्वी व्हावी असा वडिलांपासूनचा प्रघात. साडेदहाची बस चुकली तर पुढची दीड तासाने, आणि मिरवणुकांमुळे ती गावात शिरेल याचा भरवसा नाही. फोन अधीक्षकांच्या खोलीत, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. लाइन लागायला कधी कधी वीस मिनिटे जात. आणि उत्तर तर मला ठाऊकच होते; कालच जमादारांनी सांगितले होते की सगळे सुरसागरवर आहेत.

मी फोन केला नाही. चिठ्ठीवर शिक्का मारला, तारीख घातली आणि बस पकडली.

उत्तरपूजा यथासांग झाली. वाटली डाळ, दहीभात, आरती. मूर्ती उचलण्याआधी मी दोनदा घड्याळ पाहिले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या की वेळ अजून टळलेली नाही. मी हो म्हटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बराकीच्या गजांपाशीच वास आला. रमणभाई ग्लानीत होते. मी धावत जाऊन फोन लावला. काही वेळाने जाप्ता आला, दोन शिपाई, रात्रभर जागून डोळे लाल झालेले. मी स्वतः गाडीत बसून इस्पितळात गेलो. शल्यचिकित्सक तरुण होते. त्यांनी पाय पाहून मला बाजूला घेतले. पायातले विष गुडघ्यापर्यंत पोचले आहे, मांडीतून कापावा लागेल, असे म्हणाले. मग चिठ्ठीवरच्या तारखा पाहून विचारले, "काल का नाही आणलंत? काल कदाचित घोट्यापाशी भागलं असतं." मी शिक्क्याकडे बोट दाखविले. त्यांनी मान हलविली. त्या शिक्क्याने ते गप्प झाले, आणि मला क्षणभर बरे वाटले. ते बरे वाटणे मला पुढे फार जड गेले.

रमणभाई वाचले. उजवा पाय मांडीपासून गेला. एका पायाने शिवणयंत्र चालवणारी माणसे असतात. परंतु त्यांचा डावा पायही बधिर, तो यंत्राचे पायडल दाबतो आहे की नाही हे त्यांना कळत नसे. टपरी बंद झाली. त्यांच्या पत्नी कमळाबेन वसाहतीत पोळ्या लाटू लागल्या. सुटकेनंतर रमणभाईंनी बडोद्याच्या दिवाणी न्यायालयात शासनावर नुकसानभरपाईचा दावा लावला.

शासनाची कैफियत तयार झाली ती माझ्या चिठ्ठ्यांवरून. तीत असे होते की डॉक्टरांनी वेळेवर चिठ्ठी दिली, कारागृहाने तिन्ही दिवस जाप्त्याची मागणी केली, उत्सवाच्या बंदोबस्तामुळे दोन दिवस पोलीस मिळू शकले नाहीत, आणि म्हणून यात कोणाचाही हलगर्जीपणा नाही. जे करणे शक्य होते ते सर्व केले, हा त्यांचा सारा आधार. तो आधार खोटा आहे हे जगात एकट्या मला माहीत होते.

साक्षीचे समन्स आले तेव्हा निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. समन्स आणि साक्ष यांत सात महिने गेले. ते सात महिने कसे गेले हे लिहिणे कठीण आहे. जपाची माळ अर्ध्यावर आली की मणी कितवा ते सुटे. पोस्टमनची सायकल थांबली की मी गॅलरीत जाई. बसमध्ये कुबडीचा आवाज आला तर मागे वळून पाहण्याचे धैर्य होत नसे. मनाशी मी युक्तिवाद रचीत असे: फोन केला असता तरी जाप्ता मिळालाच नसता, मी देवकार्यासाठी गेलो, करमणुकीसाठी नव्हे. पाठशाळेतील शिक्षणाचा एक तोटा असा की कोणत्याही बाजूने युक्तिवाद करता येतो.

एकदा मी सौभाग्यवतींकडे आडून विषय काढला, की इतक्या जुन्या दिवसाचे कोणाला नीट आठवते? त्या भाजी निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला आठवतंय. साडेअकराला आलात. मी म्हटलं, आज कसे लवकर सुटलात, तर तुम्ही बोलला नाहीत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला कोर्टात कोणी बोलावत नाही, ते बरंय."

साक्षीच्या आदल्या आठवड्यात सरकारी वकिलांनी मला बोलावले. सज्जन गृहस्थ होते. त्यांनी खोटे बोला असे कधीही म्हटले नाही. एवढेच म्हणाले, "काका, साक्षीदार आठवणीवर घसरतो. तुम्ही कागदावर बोला. कागद काय म्हणतो तेवढंच." अधीक्षकांनीही जाता जाता सांगितले की शास्त्रीजी, तुमचे अक्षर म्हणजे खात्याची अब्रू आहे. मी दोघांनाही नमस्कार केला. काय करणार आहे हे माझे मलाच ठाऊक नव्हते.

न्यायालयात मी शपथ घेतली. कमळाबेन पहिल्या बाकावर होत्या. रमणभाई भिंतीशी, कुबड्या मांडीवर आडव्या ठेवून. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना मी कागदावरूनच उत्तरे दिली. चिठ्ठी ही, शिक्का हा, तारीख ही. यातील एकही उत्तर असत्य नव्हते. वादीच्या वकिलांनी थोडे उलटसुलट विचारले. त्यांना कोठे बोट ठेवावे ते सापडले नाही. ते बसले. मी पिंजऱ्यातून उतरू लागलो.

तेव्हा न्यायाधीशांनी चिठ्ठी उजेडात धरली. ते वृद्ध होते, मंद बोलत.

"हा शिक्का कोणी करवला?"

"मी, साहेब."

"का?"

"रोज लिहावे लागे म्हणून."

त्यांनी बराच वेळ काही लिहून घेतले. मग विचारले, "पहिल्या दिवशी शिक्क्याखाली जमादाराचं नाव आहे, वेळ आहे. तिसऱ्या दिवशी जाप्ता आला, त्या नोंदीतही नाव आणि वेळ आहे. मधल्या दिवशी नुसता शिक्का. त्या दिवशी तुम्ही फोनवर कोणाशी बोललात?"

सांगता आले असते की आठवत नाही. सरकारी वकील माझ्याकडे पाहत होते आणि तेच शब्द त्यांच्या डोळ्यांत होते. मी गजाननाचे स्मरण करू गेलो, आणि स्मरणात मूर्ती न येता ती साडेदहाची बस आली.

मी म्हणालो, "कोणाशीही नाही. मी फोन केलाच नव्हता. घरी विसर्जन होते म्हणून मी लवकर निघालो."

टंकलेखकाने मान वर करून, लिहू का, असे न्यायाधीशांना खुणेने विचारले. त्यांनी लिहा म्हणून सांगितले.

दावा रमणभाईंच्या बाजूने लागला. निकालपत्रातील आशय मला समजला तो असा: कारागृहाने जाप्ता मागितला नाही ही कारागृहाची चूक, मागूनही मिळाला नसता तर ती पोलिसांची, परंतु कैद्याच्या दृष्टीने हे दोन्ही हात एकाच शासनाचे आहेत, आणि बंदोबस्त होता हे कोंडलेल्या मनुष्याला द्यावयाचे उत्तर नव्हे. डॉक्टरांवर ठपका आला नाही. माझी खात्यांतर्गत चौकशी झाली, वेतनवाढ रोखली गेली, आणि ते योग्यच होते. अधीक्षक पुढे माझ्याशी कामापुरतेही बोलले नाहीत. शिक्का न्यायालयात जमा झाला तो परत आला नाही. नोकरीच्या उरलेल्या काळात मी प्रत्येक चिठ्ठीसाठी फोन लावला आणि प्रत्येक नकार हाताने लिहिला. घाईत अक्षर बिघडले तरी तसेच राहू दिले. नकार कमी झाले असे म्हणवत नाही. थोडे झाले असतील.

एक गोष्ट मात्र अखेरपर्यंत उलगडली नाही. मुख्यालयाच्या नोंदवहीत चतुर्दशीच्या दिवसाखाली एक ओळ होती: दोन शिपाई राखीव. ते खरोखर तेथे बसून होते, की त्यांनाही नंतर सुरसागरावर पाठवले, हे गोहिलांना सांगता आले नाही. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. त्यांना आठवेना.

निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात रमणभाई समोर आले. कमळाबेन रिक्षा पाहायला पुढे गेल्या होत्या. मी हात जोडले. क्षमा हा शब्द तोंडाशी आणला होता, पण त्यांच्यापुढे तो उच्चारण्याची योग्यता वाटेना. त्यांनी कुबडी बगलेत नीट बसवली.

"शास्त्रीजी," त्यांनी विचारले, "ते दिवशी फोन केला असता, तर आले असते पोलीस?"

"ठाऊक नाही, रमणभाई. देवाशपथ ठाऊक नाही."

त्यांनी विचार केला. रागाने नव्हे, एखादे माप मनात घेतल्यासारखे माझ्याकडे पाहिले.

"न आले असते तर न आले असते," ते म्हणाले. "करवानो तो हतो ने."

करायला तर हवा होता ना. एवढे बोलून ते कमळाबेनच्या मागे, एक एक पायरी मोजत, खाली गेले. मी हात द्यायला पुढे झालो. त्यांनी नको म्हणून मान हलविली.

आज वय झाले. उत्तरपूजा अजून होते, आता मुलाच्या हातून. मूर्ती उचलण्याच्या वेळी मी शेजारच्या खोलीत बसून राहतो, आणि घरातले समजून घेतात.

वाचकहो, या दीपावलीला श्रीगजानन तुमच्या घरात आरोग्य नांदवो. तुमच्यापैकी कोणी आजारी पडलाच, तर त्याला स्वतःच्या पायांनी उठून, स्वतःच्या हातांनी कडी काढून वैद्याकडे जाता येवो. आणि ज्यांना तसे जाता येत नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी, उत्तर ठाऊक असतानाही, एकदा विचारून पाहो. शुभं भवतु.